घरातली पहिली हायब्रिड गाडी: पहिल्या महिन्यात काय शिकावे

जन्मभर क्लच आणि गिअर यांची सवय असलेल्या घरात पहिल्यांदाच हायब्रिड गाडी येते, तेव्हा पहिल्या आठवड्यातले प्रश्न सगळीकडे जवळपास सारखेच असतात. गाडी सुरू झाली की नाही हे ओळखायचे कसे, सिग्नलला इंजिन आपोआप बंद का होते, बॅटरी चार्ज कुठे करायची, घाटात उतरताना इंजिन एवढे का ओरडते आणि शोरूममध्ये ऐकलेले अ‍ॅव्हरेज आपल्याला का मिळत नाही. आमच्या घरी टोयोटाची हायरायडर स्ट्राँग हायब्रिड आली तेव्हा आम्हालाही हेच प्रश्न पडले. त्यांची उत्तरे गाडीसोबतच्या पुस्तिकेत आहेत, पण ती शेकडो पानांत विखुरलेली आहेत आणि नव्या गाडीच्या उत्साहात ती कोणी वाचत नाही. म्हणून ज्या क्रमाने ती उत्तरे लागतात, त्याच क्रमाने ती इथे मांडली आहेत.

मारुतीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड हिची यंत्रणा हीच आहे, त्यामुळे तिच्या मालकांना पुढील सर्व मजकूर जसाच्या तसा लागू पडेल. इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी हायब्रिड यांची रचना काही बाबतींत निराळी आहे. तरी चालवण्याच्या सवयींबद्दल जे लिहिले आहे ते त्यांनाही बहुतांशी लागू आहे. या गाडीत कधी इंजिन चालवायचे आणि कधी मोटर, हा निर्णय गाडीतला संगणक घेतो आणि तो आपल्यापेक्षा चांगला घेतो, असे माझे ठाम मत झाले आहे. चालवणाऱ्याने तो त्याच्यावर सोपवावा आणि स्वतःचे सगळे लक्ष पुढच्या रस्त्यावर आणि ब्रेकवरच्या पायावर द्यावे.

आपण नेमके काय घेतले आहे ते समजून घ्या

सगळ्यात आधी आपली गाडी माइल्ड हायब्रिड आहे की स्ट्राँग, हे नक्की करावे, कारण एकाच नावाच्या गाडीत हे दोन्ही प्रकार मिळतात आणि जाहिरातीत दोघांनाही हायब्रिडच म्हटले जाते. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र इंजिन पूर्ण बंद असताना नुसत्या मोटरवर गाडी चालते. हा लेख दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हायरायडरमध्ये 1490 सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि 80 पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचे माप) विजेची मोटर असून दोन्ही मिळून सुमारे 116 पीएस शक्ती मिळते. इंजिन अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालते. यात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी झडप नेहमीपेक्षा उशिरा बंद होते आणि त्यामुळे प्रत्येक थेंबातून अधिक काम काढून घेता येते. त्याच्या बदल्यात सुरुवातीचा जोर कमी पडतो, पण ती उणीव मोटर भरून काढते, कारण मोटरचा पूर्ण जोर चाक हलल्या क्षणापासून उपलब्ध असतो. टोयोटाने ही जोडी 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस गाडीत आणली आणि आजच्या गाड्यांमागची मूळ कल्पना तीच आहे.

बॅटरी मात्र अगदी लहान आहे, फक्त 0.76 युनिट क्षमतेची. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांत ती कितीतरी पटींनी मोठी असते. आपली बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण नव्हे, तांब्या आहे. तो सतत भरायचा आणि सतत रिकामा करायचा. नुसत्या विजेवर सपाट रस्त्याने, हलक्या पायाने, गाडी दोन-एक किलोमीटर जाते आणि मग इंजिन सुरू होते. यात काहीही बिघडलेले नसते. या गाडीला चार्जिंगची वायर नसते आणि घरी किंवा बाहेर कुठेही ती चार्ज करावी लागत नाही. इंजिन आणि ब्रेक हेच तिचे चार्जर. शेजाऱ्यांना आणि पाहुण्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागेल, याची तयारी ठेवावी.

नंबरप्लेटही पांढरीच मिळते. हिरवी प्लेट फक्त पूर्ण विजेवरच्या गाड्यांना असते, त्यामुळे विजेच्या गाड्यांसाठी जाहीर झालेली टोलमाफी किंवा करसवलत आपल्याला आपोआप लागू आहे असे गृहीत धरू नये.

गाडी ताब्यात घेताना

नेहमीची तपासणी आपण करतोच: चासी नंबर कागदांशी जुळतो का, टायरवरच्या चार आकडी खुणेतून ते कोणत्या आठवड्यात आणि वर्षात बनले ते, रंगावरचे ओरखडे, स्टेपनी, जॅक, दोन किल्ल्या, फास्टॅग. हायब्रिडसाठी यात तीन गोष्टींची भर घालावी.

पहिली, विमा. थर्ड पार्टी विम्याचे जे दर 2022 मध्ये अधिसूचित झाले, त्यांत हायब्रिड गाड्यांना 7.5 टक्के सूट दिलेली आहे. नव्या गाडीसाठी हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि 1000 ते 1500 सीसीच्या गटात त्याचा दर 10,640 रुपये होता, म्हणजे सूट सुमारे 800 रुपयांची होते. रक्कम मोठी नाही, पण पॉलिसीत गाडीची नोंद साधी पेट्रोल म्हणून झाली असेल तर पुढे दावा करताना अकारण प्रश्न निघू शकतात. म्हणून पॉलिसी आणि आरसी या दोन्हींवरची इंधनाची नोंद तिथेच वाचून पाहावी आणि चूक असल्यास गाडी बाहेर काढण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. मोठ्या बॅटरीचे पाण्याने झालेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट आहे का, हेही लेखी विचारावे. तोंडी "सगळं कव्हर आहे" यावर थांबू नये.

दुसरी, बॅटरीची वॉरंटी. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. ती कोणत्या कारणांनी रद्द होते ते पान उघडून वाचावे. बाहेरून हॉर्न, दिवे, कॅमेरे बसवताना वायरिंग कापले गेले तर वाद उद्भवतो, आणि नव्या गाडीला हौसेने काही ना काही बसवून घेण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. ज्या अ‍ॅक्सेसरीज हव्यात त्या अधिकृत ठिकाणी, जोडणीच्या सॉकेटसह बसवून घ्याव्यात. भगव्या रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्या उच्च दाबाच्या असतात. त्यांना घरच्या माणसाने, ओळखीच्या मेकॅनिकने किंवा अ‍ॅक्सेसरीजवाल्याने हात लावायचा नाही.

तिसरी, डिकी. मोठी बॅटरी मागे असल्यामुळे स्ट्राँग हायब्रिडची डिकी त्याच गाडीच्या माइल्ड प्रकारापेक्षा लहान असते. गावी जाताना चार जणांच्या बॅगा नेणारे कुटुंब असेल तर आपल्या बॅगा घेऊन जाऊन त्या शोरूममध्येच ठेवून पाहाव्यात. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

"रेडी" हा शब्द घरातल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे

नेहमीच्या गाडीत इंजिन सुरू झाल्याचा आवाज येतो, मग आपण निघतो. इथे ब्रेक दाबून बटण दाबले की मीटरमध्ये "रेडी" हे इंग्रजी अक्षरांतले चिन्ह उजळते आणि बहुतेक वेळा बाकी काहीही घडत नाही. तरीही गाडी निघायला पूर्ण तयार असते. ब्रेक न दाबता बटण दाबले तर फक्त पडदा आणि दिवे लागतात, गाडी हलत नाही. पहिल्या दिवसांत "गाडी सुरूच होत नाही" म्हणून सर्व्हिस सेंटरला जे फोन जातात, त्यांच्यामागे हेच कारण असू शकते.

याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजून चालक उतरतो, किल्ली खिशात असते, आणि गाडी रेडीच राहते. बॅटरी उतरली की थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होते. बंदिस्त गॅरेजमध्ये हे विषारी धुरामुळे धोक्याचे आहे; आत लहान मूल बसलेले असेल आणि त्याने खेळता खेळता काही दाबले तर त्याहून धोक्याचे आहे. बोनेट उघडून पाणी किंवा ऑइल पाहतानाही गाडी रेडी नाही याची खात्री आधी करावी, कारण इंजिन कोणत्याही क्षणी फिरू लागते. म्हणून उतरण्याचा क्रम सगळ्या घराने पाठ करावा: ब्रेक, पार्क, हँडब्रेक, बटण, मीटर पूर्ण काळे झाल्याचे पाहणे, आणि मग दार. पेट्रोल भरतानाही गाडी अशीच पूर्ण बंद करावी.

गाडी शांत असते ती बाहेरच्या लोकांसाठीही. कमी वेगात पादचाऱ्यांना कळावे म्हणून ती स्वतःहून एक हलका गुणगुणता आवाज काढते, पण सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना तो ऐकू येईल याचा भरवसा धरू नये. रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याबरोबरच मान वळवून पाहावे आणि पहिल्या आठवड्यात इमारतीतल्या मुलांना गाडीजवळ बोलावून ती आवाज न करता कशी हलते ते दाखवून द्यावे. मुले हे फार पटकन शिकतात.

क्लचच्या सवयीतून बाहेर पडणे

आमच्या बाबांनी उभा जन्म क्लचच्या गाड्या चालवल्या. त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड काय होते, तर डावा पाय. सिग्नल जवळ आला की तो आपोआप क्लच शोधू लागे आणि तिथे ब्रेकचे रुंद पेडल सापडे. डाव्या पायाने ब्रेक दाबला की तो क्लचच्या सवयीने पूर्ण तळापर्यंत दाबला जातो आणि गाडी जागच्या जागी थांबते. मागून गाडी येत असेल तर अपघात ठरलेला. यावरचा साधा उपाय म्हणजे डावी टाच मागे, सीटकडे ओढून ठेवायची आणि पहिले काही दिवस रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात किंवा मोठ्या पार्किंगमध्येच सराव करायचा. "बाबा, डावा पाय मागे" एवढेच वाक्य शेजारी बसलेल्याने शांतपणे म्हणत राहावे. काही दिवसांत पाय विसरतो.

दुसरी सवय न्यूट्रलची. सिग्नलला गिअर काढून उभे राहणे ही आपली वर्षानुवर्षांची शिस्त; हायब्रिडमध्ये ती उपयोगाची नाही. न्यूट्रलमध्ये असताना इंजिन चालू असले तरी बॅटरी चार्ज होत नाही. सिग्नलला "डी"मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याची स्थिती) ब्रेक दाबून थांबावे. फाटकासमोर किंवा कोंडीत बराच वेळ उभे राहायचे असेल तर "पी" (पार्क) लावावा. एसी चालू ठेवण्याची काळजी करू नये, कारण या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहते. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र बॅटरी लवकर उतरते आणि उभ्या गाडीतही इंजिन अधूनमधून सुरू होऊन तिला भरते.

विजेवर चालवण्याचे वेगळे बटणही असते. ते फक्त कमी वेगात आणि बॅटरी पुरेशी भरलेली असतानाच चालते. रात्री उशिरा सोसायटीत शिरताना किंवा पार्किंगमध्ये गाडी थोडी पुढेमागे करताना ते वापरावे. रोजच्या रस्त्यावर ते दाबून बसण्यात फायदा नाही, कारण आज वाचलेले इंजिन उद्या तीच बॅटरी भरण्यासाठी जास्त वेळ चालणार आहे.

ब्रेक हीच या गाडीची कमाई

या गाडीची खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. पाय ब्रेकवर हलका ठेवला की चाकेच मोटरला फिरवू लागतात, मोटर जनित्र बनते आणि गाडीचा वेग विजेच्या रूपात बॅटरीत जातो. पाय जोराने दाबला की नेहमीच्या ब्रेक पॅडना कामाला लागावे लागते आणि तोच वेग उष्णता होऊन वाया जातो. म्हणजे थांबण्याची जागा एकच असली, तरी लवकर आणि हळू थांबणारा चालक वीज कमावतो आणि उशिरा, जोरात थांबणारा ती गमावतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. मीटरमध्ये डावीकडे चार्जचा पट्टा, मध्ये इको आणि पुढे पॉवरचा भाग असतो. कर्वे रस्त्यासारख्या रस्त्यावर, पुढचा सिग्नल लाल झालेला लांबूनच दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. काटा चार्जमध्ये सरकतो. मग ब्रेक हलकेच असा दाबावा की काटा चार्जच्या पट्ट्यात खोल जाईल, पण पट्ट्याच्या टोकाला टेकणार नाही. टोकाला टेकला म्हणजे उरलेले काम पॅड करत आहेत. गाडी जवळजवळ थांबते तेव्हा शेवटचे काम पॅडच करतात आणि तिथे पेडलची जाणीव किंचित बदलते. पहिल्या दिवशी हा बदल खटकतो, पण तो दोष नाही.

घरातल्या ज्यांना हे जमते त्यांचे अ‍ॅव्हरेज इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगले येते, आणि सोबत बसलेल्या आजीची मानही सुखरूप राहते. ब्रेक पॅडही दीर्घकाळ टिकतात. मात्र पॅड कमी वापरले जातात म्हणून पावसाळ्यात आणि कोकणात डिस्कवर गंज धरण्याची शक्यता असते, तेव्हा सर्व्हिसिंगमध्ये पॅडची जाडी पाहून समाधान न मानता डिस्कही पाहायला सांगावी.

आवाज: कोणते नेहमीचे, कोणते दाखवून घ्यावेत

सकाळी पहिल्यांदा निघाल्यावर बॅटरी भरलेली असतानाही इंजिन सुरू होते. धूर शुद्ध करणारे यंत्र गरम करण्यासाठी हे आवश्यक असते. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज एकदम चढतो आणि तिथेच टिकून राहतो, वेग मात्र सावकाश वाढतो. जुन्या गाडीत हे क्लच घसरल्याचे लक्षण असते, इथे नसते. या गाडीत नेहमीचे गिअर नाहीत. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी दातेरी चक्रांची एक जोडणी इंजिन, मोटर आणि जनित्र यांना एकत्र बांधते, आणि त्यामुळे इंजिन वेगाशी बांधलेले न राहता त्याला सोयीच्या फेऱ्यांवर चालते. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा हा आवाज कानाला गोड नाही हे मान्य करावे लागेल. पाय थोडा सैल केला की तो लगेच उतरतो.

मागून पंख्यासारखा आवाज येत असेल तर तो बॅटरी थंड करणारा पंखा असतो. तो सतत आणि फार जोरात फिरू लागला तर मात्र त्याच्या हवेची वाट अडलेली आहे का ते पाहावे. धातूवर धातू घासल्याचा आवाज, गोड-आंबट किंवा जळका वास, किंवा हायब्रिड यंत्रणेचा इशारा मीटरवर दिसणे या तिन्हींपैकी काहीही झाले तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बंद करावी आणि मदतीला बोलवावे.

घाट

पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्या महिन्यात घाट लागतोच, म्हणून हा भाग नीट वाचावा.

चढताना बॅटरी उतरत जाते. छोट्या चढावर मोटर भरपूर साथ देते, पण लांब घाटात काही मिनिटांनी तांब्या रिकामा होतो आणि ओढण्याचे बहुतेक काम इंजिनावर येते. सपाट रस्त्यावर जो जोर अनुभवला, तो वरच्या वळणावर मिळेल असे समजून ट्रकला ओव्हरटेक करायला जाऊ नये. भरलेली गाडी असेल तर अंतर जास्त ठेवावे.

उतरताना जे घडते त्याने नवखा चालक हमखास घाबरतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपण साधारण 500 मीटर खाली येतो. माणसे आणि सामान धरून गाडी 1600 किलोची असेल, तर एवढ्या उतारात साधारण 2.2 युनिट ऊर्जा मोकळी होते. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, तरीही उरलेली ऊर्जा 0.76 युनिटच्या बॅटरीत मावणे शक्य नाही; त्यात ही बॅटरी तिचे आयुष्य टिकावे म्हणून पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. परिणाम असा की घाट अर्धाही उतरून होत नाही तोच पडद्यावरचे बॅटरीचे चित्र वरपर्यंत भरते, आणि मग अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागलेला नसताना इंजिनाच्या फेऱ्या अचानक वाढून मोठा आवाज येऊ लागतो. जास्तीची वीज कुठेतरी खर्च करायची म्हणून गाडी त्या विजेने इंजिन नुसते फिरवते. त्यात पेट्रोल जळत नाही. उलट इंजिनाचा अडथळा गाडीला मागे धरून ठेवतो.

लांब, तीव्र उतार सुरू होण्यापूर्वीच गिअरचा दांडा "बी"वर घ्यावा. यात इंजिनाचा हा अडथळा आधीपासून मिळतो आणि ब्रेक पॅड तापत नाहीत. सपाटी आली की पुन्हा "डी". शहरात "बी" लावून फिरल्यास जास्त वीज मिळते, अशी समजूत ऐकायला मिळते. ती चुकीची आहे, कारण "बी"मध्ये ऊर्जेचा एक भाग इंजिन फिरवण्यात घालवला जातो, तर "डी"मध्ये हलक्या ब्रेकने ती बॅटरीत जाते. आणि कोणत्याही उतारावर न्यूट्रल करायचे नाही. जुन्या गाड्यांतही ते धोक्याचे होते, इथे तर त्यात कमाईही बुडते.

अ‍ॅव्हरेज मोजण्याची पद्धत

हायरायडरचा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार होते; तिथे पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी नसते, एसी नसतो आणि मागच्या सीटवर तीन माणसे नसतात. तेव्हा हा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी वापरावा, आपल्या महिन्याच्या खर्चासाठी नव्हे.

स्वतःचा आकडा काढण्याची खात्रीची रीत टाकी ते टाकी ही आहे. पंपावर पहिली ऑटो-कट होईपर्यंत टाकी फुल्ल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे, टाकी बरीच उतरेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरावी. 600 किलोमीटर झाले आणि 27.3 लिटर भरले, तर 600 भागिले 27.3, म्हणजे जवळपास 22. मीटरवर दिसणारा आकडा यापेक्षा बहुधा थोडा जास्त असतो. एका टाकीवरून मत बनवू नये; पहिल्या दोन-तीन टाक्यांमध्ये चालकांचे पायही शिकत असतात.

दोन गोष्टींनी लोक गोंधळतात. एक म्हणजे हायवेपेक्षा शहरात अ‍ॅव्हरेज चांगले किंवा तेवढेच येणे. नेहमीच्या गाडीत याच्या उलट घडते. पण शहरातल्या थांब-चाल-थांबमध्ये ही गाडी प्रत्येक ब्रेकला काहीतरी परत मिळवते आणि उभी असताना इंजिन बंद ठेवते. एक्सप्रेस वेवर 100 च्या एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, मग कमाई कशातून होणार? तिथे हवेचा विरोध हाच मोठा खर्च असतो, आणि वेग 100 वरून 85 वर आणला तर फरक एकाच प्रवासात कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे रोज फक्त दोन-तीन किलोमीटर, भाजी आणि शाळा एवढ्यापुरती गाडी काढणे. प्रत्येक वेळी थंड इंजिन गरम करण्यातच पेट्रोल जाते, आणि अशा वापरात हायब्रिडही निराश करते. जमेल तेव्हा जवळची कामे एकाच फेरीत उरकावीत.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे तपासावी. पंपावरचा मुलगा अंदाजाने सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो. त्याला आपला आकडा सांगावा.

बॅटरीचा झरोका आणि पावसाळा

मोठी बॅटरी थंड राहण्यासाठी गाडीच्या आतली हवा घेते. ती घेण्याचा जाळीदार झरोका मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असतो. नेमका कुठे, ते पुस्तिकेतल्या चित्रात पाहून घरातल्या सगळ्यांना बोट लावून दाखवावा. त्याच्यासमोर उशी, शाल, दप्तर किंवा किराण्याच्या पिशव्या कोंबू नयेत, सीट कव्हर शिवताना तो झाकला जाऊ देऊ नये आणि घरात कुत्रा असेल तर तिथले केस वरचेवर काढावेत. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत तसेच टाकायची सवय आपल्याला असते. त्यासाठी कडा असलेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा. गाडी आतून पाण्याचा पाइप मारून धुऊ नये.

साचलेल्या पाण्याबाबत हायब्रिड म्हणून वेगळी मुभा काही नाही. बॅटरी बंदिस्त असली तरी इंजिन हवा घेते ती इतर गाड्यांसारखीच, आणि त्यात पाणी गेले तर नुकसानही तसेच. रस्त्याची कड दिसेनाशी झाली असेल तर गाडी वळवावी. पार्किंगमध्ये गाडीत पाणी शिरलेच, तर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, भगव्या वायरींपासून दूर राहावे आणि विमा कंपनीला कळवून गाडी उचलून न्यावी.

उभी गाडी, सर्व्हिसिंग आणि टोइंग

मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत नेहमीसारखी 12 व्होल्टची लहान बॅटरीही असते, आणि गाडी रेडी करण्याचे काम तिचे असते. ती उतरली की मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी सुरू होत नाही. महिनाभर मुलीकडे परदेशी जाणार असाल, तर विश्वासाच्या माणसाकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा उघड्या जागेत गाडी रेडी करून निदान अर्धा तास फिरवून आणायला सांगावे. फक्त बटण एकदा दाबून रेडिओ लावून बसल्याने लहान बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

सर्व्हिसिंग साध्या पेट्रोल गाडीपेक्षा फार निराळे नसते. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच, पातळ प्रकारचे, हवे. गॅरेजवाल्याच्या सवयीचे जाड ऑइल घालू देऊ नये. बॅटरीच्या पंख्याची जाळी स्वच्छ केली का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला विचारावे आणि हायब्रिड यंत्रणेची तपासणी झाल्याची नोंद कागदावर घ्यावी, कारण वॉरंटीच्या वेळी आणि गाडी विकताना हाच कागद कामाला येतो. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर मात्र हायब्रिडलाही ती इतरांसारखीच काढावी लागते.

शेवटी टोइंग. गाडी बंद पडली तर तिची पुढची चाके जमिनीवर टेकवून ओढून नेऊ द्यायची नाही. पुढची चाके फिरली की मोटरही फिरते, वीज तयार होते आणि यंत्रणा जळू शकते. दोरी बांधून ओढायला तयार असलेले मदतीचे हात आपल्या रस्त्यांवर लगेच पुढे येतात, आणि त्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे लागते. चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवावा. रस्त्यावरच्या मदतसेवेचा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि "फक्त फ्लॅटबेड" ही सूचना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावी, म्हणजे त्या वेळी गाडी घरातले कोणीही चालवत असले तरी अडचण येणार नाही.